मोटारवाले चाचा आणि त्यांची राणी

ढाणकीत आमच्या घरासमोर राहणाऱ्या मोटारवाल्या चाचांइतका लाकडावर जीव टाकणारा आणि माणसांना ताटकळत ठेवणारा इसम अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. धंदा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचा. पण ऐन हरभऱ्याला पाणी देण्याच्या दिवसांत शेतकरी दुकानात खोळंबलेले आणि हे आपले कठपुतळीच्या राजाच्या कोपरात तांब्याची तार ओवत बसलेले. कुणी कुरकुरलं तर शांतपणे म्हणायचे, "तुमची मोटर उद्या भी होते. याले संध्याकाळी तलवार उचलायची हाय." लहानपणी बाजारात आलेल्या एका राजस्थानी खेळवाल्याच्या मागे हिंडून त्यांनी ही विद्या उचलली होती. बाहुलीला लाकूड हलकं, सावरीचंच हवं, तेही झरी जामणीकडून स्वतः जाऊन आणलेलं. खेळ संपला की बाहुल्या खुंटीला टांगायच्या नाहीत, निजवायच्या. त्यामुळे घरातल्या एकुलत्या पलंगावर राजा, राणी, प्रधान आणि दोन चोर, आणि चाचा-चाची खाली सतरंजीवर.

सगळ्या दोऱ्या चाचांच्या हातात, पुरुषांचे आवाजही त्यांचेच. राणीचा आवाज मात्र चाचींचा. त्या पडद्यामागे तांदूळ निवडत बसायच्या आणि ठरलेलं वाक्य कधी धड बोलायच्या नाहीत. कळंबला एकदा राजा मोठ्या ऐटीत लढाईला निघाला, तर राणीनं त्याला आधी घरचा गळका नळ बघायला सांगितलं. राजा गडबडला, लोक हसून लोळले.

गेल्या पावसाळ्यात चाची गेल्या आणि बाहुल्या पेटीत गेल्या. मला ते बघवेना. मी शिकवते त्या शाळेत खेळ करा म्हणून मी महिनाभर त्यांच्या मागे लागले, राणीचं बोलणं मी करते म्हणाले. त्यांनी तालीमही घेतली. नीट ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, तुम्ही बोलता चांगलं. पण थे राणी हजेरी घेऊन राह्यली असं वाटते." मी दोन दिवस फुगून बसले. शेवटी ते एकटेच उभे राहायला तयार झाले. नाही जमलं तर पेटी कायमची बंद, असं बजावून.

खेळात राणी पुढं आली. तिची मान वळली, हात कमरेवर गेला, आवाज नाही. चाची जेवढा वेळ बोलल्या असत्या तेवढा वेळ चाचा थांबले. मी मागं वळून डोळे वटारले, कारण आमची पोरं गप्प बसणाऱ्यातली नव्हेत. मग राजा दचकून म्हणाला, "दळण? घोड्यावर बसून दळण आणू?" सगळं पटांगण हसलं. पुढं पुढं तर राजानं तोंड उघडायच्या आधीच, राणीचा हात हलला की पोरं हसायला लागली.

खेळ संपल्यावर मी पडद्यामागे गेले. चाचा राणीला निजवत होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "बाई, मांगच्या पोरायले ऐकू गेला का तिचा आवाज?"

"गेला, चाचा," मी म्हणाले.