आरशातली वाचक

केस कापता कापता गोष्ट सांगावी ती पार्लरवालीनेच. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, अंगावर कापड आलं, की हिची कैची आणि जीभ बरोबरच सुरू व्हायची. समोरच्या आरशात ऐकणारीचा चेहरा दिसायचा. तो जरा कंटाळला की ही गोष्टीला लगेच कलाटणी द्यायची. केस झाले तरी बायका उठायच्या नाहीत.

नणंद मात्र म्हणायची, "तुझ्या गोष्टी खुर्चीपुरत्या गं. उठलं की केसांबरोबर झटकून टाकायच्या."

हे तिला फार लागलं. पार्लरमधल्या बाकावर एक मासिक पडलेलं असायचं. आपली गोष्ट त्यात छापून यावी आणि आपण तोंड न उघडता कुणीतरी ती शेवटपर्यंत वाचावी, असं तिच्या मनाने घेतलं.

लिहायला बसली आणि घोडं अडलं. सांगताना भुवया होत्या, हात होते. कागदावर नुसते शब्द. कशीबशी लिहून मासिकाला पाठवलेली गोष्ट साभार परत आली. संपादकांनी खाली लिहिलं होतं, 'गोष्ट तिसऱ्या पानावर सुरू होते. तोवर वाचक थांबणार नाही.'

"कोण समजतो हा स्वतःला!" ती धुसफुसली. मग गुपचूप तिसरं पान काढून वाचलं. माणूस खरं बोलत होता.

तिने नवऱ्याला खुर्चीत बसवलं. "केस फुकट कापते, तुम्ही फक्त ऐका." बिचारा पहिल्याच पानाला पेंगला, तिथे पेन्सिलीने खूण झाली. नजर पंख्याकडे गेली, तिथे दुसरी. खुणा केलेलं सगळं तिने छाटलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. असं बरेचदा झालं. "अगं, आता डोक्यावर काही उरलं नाही," असं नवरा काकुळतीने म्हणाला, तेव्हा कुठे गोष्ट जमली.

गोष्ट होती एका म्हातारीची. केस विरळ, कापायला काही नाही, तरी नेमाने येणारी. कारण तेवढाच कुणाचा तरी हात डोक्यावरून फिरायचा. हे कारण पूर्वी पार्लरवाली पहिल्याच वाक्यात सांगून मोकळी व्हायची. आता तिने ते कुठेच लिहिलं नाही.

या वेळी गोष्ट छापून आली. नाव तिने खोटं दिलं होतं. फसली तर घरात शोभा नको.

अंक बाकावर ठेवला. बायका यायच्या, चित्रं बघून खाली ठेवायच्या. एक दिवस नणंद आली. ती एकटीच राहायची. खुर्चीत बसल्या बसल्या तिने अंक उघडला, तो नेमका त्याच पानावर.  पार्लरवाली आरशात बघत राहिली. नणंदेची नजर पानावरून हलली नाही.

"मान जरा वर करा, ताई."

"थांब गं, थोडंच राहिलंय."

वाचून झाल्यावर नणंदेने कापडाखालून हात काढून डोळे पुसले आणि नेहमीच्या ठसक्यात म्हणाली, "याला म्हणतात गोष्ट. तू नुसती तोंडाची वाफ दवडतेस."

पार्लरवालीला हसू आवरेना आणि रडूही. "खरंय, ताई," ती म्हणाली. कैची तिने बाजूला ठेवली आणि केस विंचरायचं निमित्त करून कितीतरी वेळ नणंदेच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.