विष्णूचे बूट

ढुंढिराजकाकांचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि त्याला एप्रिलचं ऊन कारण नव्हतं. अग्निशमन दिनानिमित्त काशीतल्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला होता. शाल, श्रीफळ आणि त्यांच्याच हस्ते, आगीत गेलेल्या सहकारी विष्णूच्या स्मृतिशिळेचं अनावरण. शिळेवरचा मजकूर सेक्रेटरी सुमंतने मोबाइलवर पाठवला होता: 'अग्निनारायणावरील श्रद्धेपोटी अनवाणी आगीत शिरलेले वीर विष्णु.'

"श्रद्धेपोटी म्हणे!" दाढी करता करता काका ओरडले, आणि गाल कापून घेतला. विष्णूची बायको पद्मा समोर बसणार. तिच्यादेखत हे खोटं दगडात कोरलेलं निमूट बघायचं, की बावीस वर्षं गिळलेलं खरं ओकून टाकायचं?

काशीतल्या मराठी भिक्षुकाच्या घरात जन्मून त्यांनी दमकलची, म्हणजे अग्निशमन दलाची, नोकरी धरली, तेव्हा वडील महिनाभर बोलले नव्हते. पुढे तीस वर्षं त्यांनी याच गल्ल्यांत आगी विझवल्या. इथे बंब शिरत नाही. तो सडकेवर सोडून पाइप खांद्यावर घेऊन धावायचं, नाहीतर अमृतराव घाटावर पंप लावून थेट गंगेचं पाणी ओढायचं. कुणाचा ओटा कुठल्या वळणावर आडवा येतो, हे काकांना तोंडपाठ. सांगून सांगून जीभ झिजली, पण एक ओटा इंचभर मागे सरकेल तर शपथ! आग विझली की लोक चहा पाजायचे आणि विसरून जायचे.

मग ती वेणीमाधवशास्त्र्यांच्या घरची आग. सकाळी अग्निहोत्राच्या कुंडातली ठिणगी समिधांच्या ढिगात उडाली. काका आणि विष्णु पाइप घेऊन दारात पोचले तेव्हा माजघर पेटलं होतं, आणि शास्त्र्यांची सून कस्तुरी आत अडकली होती. शास्त्रीबुवा मात्र उंबऱ्यात हात आडवे करून उभे. "बूट काढा आधी! आत अग्निदेव आहेत, विटाळ होईल." घर जळतंय, सून किंचाळतेय, आणि यांना विटाळाची पडली होती!

दुसऱ्या कुणी त्या म्हाताऱ्याला बखोट धरून बाजूला केलं असतं. पण काका त्याच गल्लीतले. त्याच उंबऱ्याबाहेर चपला काढत लहानाचे मोठे झालेले. सवयीने तोंडून निघून गेलं, "विष्णु, जोडे काढ."

"दादा, फर्श तापलीय."

"काढ म्हणतो ना!"

काका हुद्द्याने वरचे. विष्णूने बूट काढले. काका दारातून पाण्याचा मारा करत राहिले, विष्णु आत शिरला. कस्तुरीला त्याने खिडकीतून बाहेर ढकललं, पण स्वतः परत फिरताना भाजलेले तळवे टेकवेनात. तो पडला आणि वरून तुळई आली.

चौकशीत काकांनी लिहून दिलं, 'विष्णूने बूट स्वतःहून काढले.' नोकरी वाचली. त्या एका ओळीला मंडळाने आता श्रद्धेचा शेंदूर फासला होता.

संध्याकाळी सभागृहात काका पिशवी घेऊन मंचावर चढले. शिळेसमोरच्या टेबलावरचे हार बाजूला सारून त्यांनी विष्णूचे काळे गमबूट ठेवले. इतकी वर्षं ते त्यांच्याच कपाटात होते.

सुमंत लगबगीने पुढे आला. "काका, प्लीज, जोडे बाहर रखिए ना. आत गणपती आहे."

"हेच!" काका कडाडले. "अगदी हेच बोललो मी विष्णूला! श्रद्धाबिद्धा काही नव्हती. तो नको म्हणत होता. मी हुकूम दिला, आणि नंतर खोटं लिहिलं. कोरायचं तर हे कोरा. विटाळ होऊ नये म्हणून आम्ही आमचा माणूस जाळला!"

पद्मा उठून टेबलापाशी आली.

"भाऊजी, बावीस वर्षं मी त्यांनाच शिव्या देत आले," ती म्हणाली. "दोन लेकरांच्या बापाला बूट काढायची दुर्बुद्धी कशी झाली, म्हणून. रोज. त्यांच्या फोटोसमोर उभी राहून."

काकांनी हात जोडले. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बूट छातीशी धरले, पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि ते मांडीवर ठेवले. ते बाहेर ठेवायला सांगायची मग कुणाचीच छाती झाली नाही.