जोतीरामचा उजवा कान

पाळी पहाटे चारची असली की जोतीराम अडीचला उठायचा. सणसरहून कारखान्यावर सायकलनं जायला एवढा वेळ लागत नाही. पण पाळी सुरू व्हायच्या आत त्याला मिलभोवती एक फेरी मारायची असायची. मागच्या पाळीच्या माणसानं तेल कुठं घातलं आणि कुठं घातलं असं नुसतं सांगितलं, हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

तो मिलवर ऑइलमन होता. उसाचा चोथा करणारे ते रूळ, त्यांना फिरवणारी दात्यांची चाकं, त्यामागं टर्बाइन. बेअरिंगवर तळहात ठेवायचा, ऊन लागतंय का पाहायचं. संशय आला की लांब सळईचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाच्या पुढच्या हाडावर. आत खरखर असेल तर सळई सांगते. हे काम त्यानं वीस-बावीस हंगाम केलं, आणि फेरीची वाट अशी होती की टर्बाइन कायम उजव्या हाताला यायचं.

त्याच उजव्या कानात, वरच्या कडेला, सोन्याची जाड मुदी होती. जोतीरामच्या आधीची दोन पोरं आईच्या मांडीवर गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा तिनं बिरोबाला नवस बोलून त्याचा कान टोचला. पुढं कान मोठा झाला तशी मुदी मोठी झाली. शेवटची सोनारानं टोकं पिळून कायमची बंद केली होती. आईचं नाव दगडाबाई. तिचं नावही तिच्या आईनं अशाच भीतीनं ठेवलेलं. मुदी कानात आहे हे जोतीराम विसरूनच गेला होता, जसं आपल्याला कोपर आहे हे माणूस विसरतो.

मूळ गाव लोणी भापकर. वडिलांपर्यंत मेंढरं होती, नंतर थोडी शेती राहिली. पण भावकीचं गजी नाचाचं मंडळ टिकलं होतं आणि त्यातला मोठा ढोल जोतीरामच्या गळ्यात असायचा. एका तोंडावर काठी, दुसऱ्यावर हात. चाल बदलायची ती ढोलकऱ्यानं. त्याच्या इशाऱ्यावर तीस-चाळीस माणसं एकदम वळायची. वर्षभर मिलला तेल घालणाऱ्या माणसाचं ऐकणारी एवढी माणसं जत्रेच्या दिवशीच भेटायची.

हेडफोनचं खूळ रसूलनं आणलं. रसूल त्याच्याच पाळीत फिटर होता. त्याचा मेहुणा अबरार सौदीत होता, तो सुट्टीवर येताना दोन वॉकमन आणि दोन हेडफोन घेऊन आला. हेडफोन लहानसे, घडी घालून मुठीत मावणारे. कानाला पूर्ण झाकत नाहीत, कानावर बसतात. बाहेरून मात्र बंद, जाळी नाही, भोक नाही. एक जोडी रसूलनं ठेवली आणि महिनाभर मिलवर दुसरा विषय बोलला नाही.

"जोतीराव, तुमच्या गजीची कॅसेट लावली. मागच्या जत्रंत मीच भरलेली. अवं, ढोल हितं वाजतो, हितं!" तो छातीवर बुक्की मारायचा. "बायकू शेजारी बसून भाजी निवडतीया, तिला काय बी ऐकू येत न्हाय."

"मग काय दोष हाय का न्हाय त्यात?"

"हाय की. कान घामानं चिकचिकत्यात. आन कॅसेटची एक बाजू संपली की कान दुखाया लागत्यात, मास्तरनं पिळल्यावानी. पण दुसरी बाजू लावल्याबिगर राहावत न्हाय."

जोतीरामच्या दोन खोल्यांच्या घरात टेप मोठ्यानं लावायची सोय नव्हती. मुलगी छकुली दहावीला होती आणि भिंतीपलीकडं दुसऱ्या पाळीची माणसं झोपलेली असायची. त्यानं ओव्हरटाइमच्या पैशांतून दुसरी जोडी घेतली.

दुपारी पाळीवरून येऊन, भाकरी खाऊन, तो भिंतीला टेकून बसला. हेडफोन चढवला. रसूलकडून आणलेली गजीची कॅसेट सुरू झाली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. ओवी म्हणणारा शब्दाआधी श्वास घेतो तो ऐकू येत होता. मागं कोणी खोकलं ते आलं. एक मेंढरू ओरडलं तेही आलं. मग ढोल सुरू झाला, त्याचा स्वतःचा ढोल, आणि तो ताठ बसला.

डाव्या कानात ढोल होता. रसूलनं सांगितला तसा, छातीत उतरणारा. उजव्या कानात रिकामा डबा बडवल्यासारखं टणटण वाजत होतं.

जोतीराम अर्धवट काम करणारा नव्हता. त्यानं हेडफोन काढला, उलटा केला, उजवीकडचा डावीकडं घातला. ढोल डावीकडंच राहिला. म्हणजे वस्तू चांगली. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत घालून नेली आणि जेवणाच्या सुट्टीत रसूलच्या डोक्यावर चढवली.

"फरक हाय?"

"तसूभर न्हाय. माझ्यासारखाच. का वं?"

"काय न्हाय. सहज."

दोन्ही बाजू तपासल्या, दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतल्या. आता राहिला कोण? कान.

त्या दिवसापासून त्याचं चित्त जाग्यावर राहिलं नाही. घड्याळ उजव्या कानाला लावून बघायचा, मग डाव्या. बोलणारा उजवीकडं आला की हळूच वळून डावी बाजू पुढं करायचा. जेवताना ताट सरकवून भिंत उजवीकडं येईल असा बसायचा. मिलवर सळई उजव्या कानाच्या हाडाला लावली की चाकाचा ठोका नीट यायचा, मग घरी ढोल का येत नाही? यावर तो इतका विचार करायचा की एकदा तेलाचा डबा हातात घेऊन एकाच बेअरिंगपाशी दोनदा गेला. मिलवर कान गेलेली माणसं त्यानं पाहिली होती. त्यांच्याशी सगळे ओरडून बोलतात आणि पाठ फिरली की हसतात. डॉक्टरकडं जावं तर कागदावर यायचं. कागदावर आलं की मिल सुटायची. आणि मिल सुटली तरी चालेल, ढोल कसा सोडायचा? पण बहिऱ्या माणसानं तीस-चाळीस माणसं चुकीच्या ठोक्यावर वळवली, तर त्यापेक्षा आपणहून गळ्यातला पट्टा काढलेला बरा.

बायको म्हाळसा सगळं बघत होती. एकदा तिनंही हेडफोन घालून पाहिला होता.

"आग्गं बया! चिमट्यात डोकं धरल्यागत वाटतंय. गाणं येतंय ब्येस, पर ढोल? ढोल पल्याडच्या वस्तीवर वाजल्यागत."

"तुला सवय न्हाय," जोतीराम म्हणाला होता आणि तो विषय तिथंच संपला होता.

चैत्रातली जत्रा जवळ आली. जोतीरामनं लोणीला निरोप धाडला. चुलतभाऊ संभाजी झांज वाजवायचा, त्याला सांगितलं, रविवारी मी येतोय, आईकडं ये, ढोल तुझ्या ताब्यात देतो. कारण सांगितलं नाही. घरीही ढोल द्यायला जातोय एवढंच बोलला.

रविवारी सकाळी तो धोतर नेसून एसटीच्या वेळेची वाट बघत दारात येरझारा घालत होता. म्हाळसा डोक्यावरून न्हाऊन बसली होती. न्हाताना कानातल्या कुड्या काढून तिनं फळीवर ठेवल्या होत्या. शेजारीच हेडफोन पडला होता. या कार्ट्यानंच नवऱ्याचं तोंड बंद केलंय, असा तिचा संशय होता. तिनं तो ओल्या केसांवर चढवला आणि बटण दाबलं.

"अवं!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की छकुली पुस्तक टाकून धावत आली. "अवं, ढोल वाजतोय की! घरात आल्यागत वाजतोय!"

"हळू बोल. कुणाला काय सांगतीस?"

"पर त्या दिशी न्हवता!" तिनं हेडफोन काढून बघितला, कान चाचपले, फळीवर नजर गेली. एक कुडी उचलून कानात घातली, हेडफोन पुन्हा चढवला. मान तिरकी करून ऐकलं. मग दुसरा कान, मोकळा, बोटानं दाखवला.

"ह्यात हाय. कुडीच्या कानात न्हाय. फुलावर टेकतंय नव्हं हे, उचलून राहतंय. मधनंच सगळा ढोल पळून जातोय." आणि ती नवऱ्याच्या कानाकडं बघत राहिली. "हिकडं या."

तो गेला नाही. तीच उठली. हेडफोन त्याच्या डोक्यावर ठेवला आणि उजव्या कानावर तळहातानं जोरात दाबला. मुदी रुतली, तो कळवळला, पण त्या कळेत एक ठोका आला. खोल, पुरा. तिनं हात सैल केला, ठोका गेला.

"तुमी कान गेला म्हणून बसलावता व्हय? आन ढोल दिऊन टाकाया निघालावता?"

"एका ठोक्यानं काय कळतं?" जोतीराम म्हणाला. "दाबल्यावर कशात बी आवाज येतो. नीट बघायचं तर मुदी काढून बघाय पायजे."

"मग काढा."

"ती काय माझी हाय?"

दोघंही लोणीला गेली. बारामतीच्या स्टँडवर एसटी बदलताना जोतीरामनं पिशवी एकदाही खाली ठेवली नाही. घरी पोचेपर्यंत संभाजी ओट्यावर येऊन बसला होता आणि ढोलाच्या दोऱ्या ओढून बघत होता. दगडाबाई भिंतीला टेकून बसली होती. जोतीरामनं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. कान, हेडफोन, मुदी. सांगताना मान खाली.

"म्हंजे मुदी काढायची?" म्हातारी म्हणाली.

"इचारायला आलोय, आये."

"तवा मरशील म्हणून घातली व्हती, जोत्या. आता मेलास तर वयानं मरशील. देवाला तेवढं कळतं." ती हसली, मग लगेच तिचा चेहरा बदलला. "पर भोक उघडं ठेवू नगं. लिंबाची काडी घाल. काय बी नसल्यागत दिसाया नगं."

गावातल्या सोनारानं पिळलेली टोकं सोडवली. एवढ्या वर्षांची मुदी सहज निघेना, तेल लावून फिरवावी लागली. निघाली तेव्हा जोतीरामला कान हलका नव्हे, परका वाटला. म्हातारीनं स्वतः काडी सोलून भोकात घातली आणि कडेला सपाट मोडली.

ओट्यावर तो बसला. संभाजी ढोल मांडीशी घेऊन बघत होता. म्हाळसा दारात उभी होती. कॅसेट सुरू झाली. खोकला, मेंढरू, ओवीचा श्वास. मग ढोल.

दोन्ही कानांत.

त्यानं डोळे मिटले. काठीची बाजू वेगळी, हाताची बाजू वेगळी, आणि दोन्ही मिळून छातीत. रसूल खोटं बोलला नव्हता. त्यानं हात पुढं केला. संभाजीनं ढोल त्याच्याकडं सरकवला.

"मला बोलावून घेतलं ते कशापायी मग?" संभाजी म्हणाला.

"जेवायला," म्हाळसा म्हणाली.

पण जोतीरामनं हेडफोन काढला नाही. चाल बदलायची जागा आली होती, तिथं झांज जोरात वाजते, त्याला माहीत होतं. डाव्या कानात ती वाजली, धातू धातूवर घासून उडालेली किनार कितीतरी वेळ कानात रेंगाळली. उजव्या कानात नुसता टप असा आवाज आला आणि संपला. त्यानं हेडफोन उलटा केला. झांज डावीकडंच राहिली. कॅसेट मागं फिरवली, पुन्हा ऐकली. आता मध्ये मुदी नव्हती. दोष द्यायला काहीच उरलं नव्हतं. एवढे दिवस तो ढोल शोधत बसला होता आणि गेली होती झांज, हळूहळू, उजवीकडच्या टर्बाइनच्या किंचाळण्यात, तेल घालता घालता.

"काय झालं?" म्हाळसानं विचारलं.

"ढोल हाय," तो म्हणाला. ते खरंच होतं. मग जरा थांबून म्हणाला, "झांज त्या बाजूनं गेली."

दगडाबाईनं हेडफोन मागून घेतला आणि स्वतःच्या कानांवर चढवला. तिच्या कानांत वरपासून खालपर्यंत दागिने.

"मला तर नुसत्या मुंग्या चालल्यागत ऐकू येतंय," ती म्हणाली. "ह्याला पैसं दिलंस व्हय रं?"

तेव्हा कुठं सगळे हसले.

जत्रेला ढोल जोतीरामच्याच गळ्यात होता. संभाजी दरवर्षी त्याच्या उजवीकडं उभा राहायचा, त्या वर्षी जोतीरामनं त्याला हाताला धरून डावीकडं आणला. मंडळातल्या एका-दोघांनी विचारलं तर म्हणाला, उजवीकडनं ऊन येतंय. चाल एकदाही चुकली नाही. पण प्रत्येक वळणाआधी तो मान किंचित डावीकडं कलवायचा आणि ते फक्त म्हाळसाला दिसत होतं.

पुढच्या हंगामात तो पहिल्या दिवशी दोन्ही कानांत कापूस कोंबून मिलवर गेला. रसूल पोट धरून हसला, "नवरीवानी सजून आलाय जोतीराव!" पौष उजाडेपर्यंत रसूलच्याही कानात कापूस होता. सळई लावायच्या वेळी जोतीराम उजवा बोळा काढायचा, ऐकायचा आणि परत घालायचा. मनात मात्र रोज तेच, किती उरलंय, किती दिवस पुरेल. ते मोजायला त्याच्याकडं झांजेशिवाय माप नव्हतं. दर रविवारी तो ती जागा लावून ऐकायचा.

कापसाला पैसे पडले नाहीत, जुनी गादी उसवून मिळाला. हंगामाच्या पहिल्या पगारातून घरखर्च काढून जे उरलं, ते घेऊन तो बारामतीला सोनाराकडं गेला आणि मुदीला पेच बसवून घेतला. उघडता येईल, परत घालता येईल असा. ऐकायचं असलं की मुदी म्हाळसाच्या कुड्यांशेजारी फळीवर ठेवायची, ऐकून झालं की कानात.