एका खिळ्यावरचे दोन पट्टे

बावीस वर्षं गोठ्यात धारा काढणाऱ्या अक्कांना संशोधक मॅडमनी पडद्यावरचं ते चित्र दाखवलं, तेव्हा त्यांना हसू आवरेना. चाळीस गाईंच्या गळ्यात मॅडमनी पट्टे बांधले होते. कोण कोणाजवळ किती वेळ उभी राहते, हे पट्टे टिपून ठेवत. चित्रात गाय म्हणजे ठिपका, सोबत म्हणजे रेघ. सोबत जास्त तितकी रेघ जाड.

सगळ्यात जाड रेघ ठमी आणि नकटीची. अशी मैत्री माणसांतही दिसत नाही, मॅडम कौतुकाने म्हणाल्या. नकटी गाभण आहे, उद्यापासून तिला ठमीशेजारी बांधू, तेवढाच आधार.

अक्कांचं हसू तिथेच विरलं. त्या दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. ठमीने नकटीला दोनदा शिंगावर घेतलेलं. मग यंत्राला हे प्रेम सापडलं कुठे?

घरी भांडी घासताना उत्तर सुचलं आणि पातेलं हातातच राहिलं. पट्ट्यांनी या दोघींच्याच माना सोलवटल्या होत्या. पट्ट्यांना हात लावाल तर घरी बसाल, असं मुकादमाने बजावलेलं असूनही अक्का रोज दुपारी ते दोन पट्टे काढून मानेला मलम लावत. पट्टे मात्र संध्याकाळपर्यंत एकाच खिळ्याला लटकत. गळ्यात गळे घातले होते ते पट्ट्यांनी, गाईंनी नव्हे.

नवरा म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मूठ माझी," अक्का म्हणाल्या, "पण शिंग बसेल नकटीला."

सकाळी धारांच्या आधीच त्या मॅडमच्या दारात उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मागोमाग आलेला मुकादम तोंड उघडणार, तोच मॅडमनी त्याला हाताने थांबवलं. महिनाभराचं काम होतं. त्यांचा चेहरा उतरला होता. पट्टे नेमके केव्हा केव्हा काढलेत, एवढंच त्यांनी विचारलं. अक्कांनी दिवसवार सांगितलं: जनावरांचे डॉक्टर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, दुपारी दोनला काढायचे, धारांच्या वेळी घालायचे, पावसाच्या दोन दिवशी काढलेच नाहीत. मॅडमनी तेवढे तास वगळले. जाड रेघ पार पुसली गेली. नकटीचं दावं गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं, आणि पट्ट्यांना आतून मऊ अस्तर लावायचं ठरलं.

मग मॅडमनी शेजारी खुर्ची ओढली.

"बसा अक्का. खोटी वाटेल ती रेघ दाखवा."

अक्का ओले हात पुसून पडद्याजवळ वाकल्या. एकेका रेघेवरून बोट फिरवत गेल्या.

"ही म्हातारी आणि ही तिची लेक. दिवसभर एकमेकींना सोडत नाहीत, तरी यांची रेघ फारच बारीक आलीय, मॅडम. एकीचा पट्टा उघडून बघा."