अकोल्यात लावलेला कडुलिंब बघायला गेले, त्याची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात आम्ही अमरावतीचे बारा जण अकोल्याच्या एका वस्तीत झाडं लावून आलो. मी इथंच ऐटीत पोस्ट लिहिली, तुम्ही शाबासक्या दिल्या. यंदा मेच्या शेवटी वाटलं, आपलं झाड एकदा बघून यावं. खरं सांगू? नव्या पोस्टसाठी फोटो हवे होते.

जाणार असाल तर सकाळी साडेसहाची एसटी धरा, नंतरचं ऊन जीव घेतं. बडनेरा, मूर्तिजापूर करत अडीच तासांत अकोला. बायकांना अर्धं तिकीट. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेवढ्यात गरम आलूबोंडा खाऊन झाला. पुढं स्टँडवरून ऑटो.

माझा कडुलिंब वस्तीतल्या सुमनकाकूंच्या फाटकाजवळ. पाणी घालायचं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. आता जाळीत नुसती काडी उभी होती. बुडाची माती मात्र ओली.

काकूंनी बाहेर येऊन माझा हातच धरला. "माफ करजो पोरी, मले नाही जगवता आलं. नळ चार-चार दिवस येत नाही, तरी झाडासाठी रोज एक गुंड पानी भरून ठेवत होती."

"असू द्या काकू, होतं असं," मी म्हणाले. केवढं माझं मोठं मन!

त्या आत गेल्यावर मी काडी ओढली. ती नर्सरीच्या काळ्या पिशवीसकट वर आली. मुळं आतल्या आत गुंडाळलेली. पिशवी फाडून मग रोप लावायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या दिवशी ब्लेड एकाकडेच होतं, मला भूक लागली होती आणि जेवण आलं होतं. मी पिशवीसकट रोप खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, फोटो काढला.

पिशवी फाडून पर्समध्ये कोंबली, काडी परत खोचली. चहा काकूंची सून वर्षा घेऊन आली. ती मान वर करेना. मी चहा प्यायले आणि दुपारच्या गाडीनं परत आले. काही बोलले नाही.

घरी आठ दिवस चोराच्या मनात चांदणं. फोन वाजला की काकूच वाटायच्या. तुम्ही दिलेल्या शाबासक्या वाचून तर लाज वाटत होती. झाडं लावायला जाल तेव्हा प्रत्येकानं आपापलं ब्लेड न्यावं, एवढंच सांगू शकते. शेवटी मीच फोन लावला.

"काकू, झाड तुमच्यामुळे नाही गेलं. मी पिशवीच काढली नव्हती."

शिव्या खायची माझी तयारी होती.

"मंग मी वर्षाले सारा उन्हाळा उगाच बोलून राहिली होती?" काकू हळूच म्हणाल्या. "मले वाटे, माह्या मागं थेच झाडाचं पानी लेकराच्या आंघोळीले घेते."

"तिला सांगा ना, चूक माझी होती," मी म्हणाले.

"थांब. हे तूच सांग तिले."

चपलांचा आवाज आला, मग वर्षाचा "हॅलो". मी पहिल्यापासून सांगायला घेतलं.