पाचवा फाऊल बरोबर होता

"मॅडम, रविवारी तुम्ही बसून घ्या की," मालक म्हणाले. "पब्लिक लई तापलंय."

मालक म्हणजे आमच्या लीगचे आयोजक. तसे ते कशाचे मालक नाहीत, पण सोलापुरात वजनदार माणसाला मालक म्हणायची पद्धत आहे. मी एका शाळेत पी.टी. शिकवते आणि पंधरा वर्षं बास्केटबॉलची रेफरी आहे. आमच्या फायनलला तीन मॅच असतात, दोन जिंकेल तो चॅम्पियन. विणकर क्लब आणि स्टेशन क्लब एकेक मॅच जिंकून बसले होते. तिसरी रविवारी होती आणि मुख्य रेफरी मी होते. या लीगच्या फायनलला मुख्य रेफरी म्हणून बाई उभी राहायची ही पहिलीच वेळ.

"मी बसले तर पुढं कुठल्या बाईला तुम्ही उभं करणार?" मी विचारलं.

"तसं न्हाय ओ मॅडम. एक मॅच फक्त."

"एकसुद्धा नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पब्लिक तापायचं कारण शिनू. शिनू हा विणकर क्लबचा कॅप्टन, जर्सी नंबर चौदा. दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात उभा असतो आणि संध्याकाळी मैदानावर असा पळतो की बघत राहावं. दुसऱ्या मॅचमध्ये त्याने एकट्याने एकतीस पॉइंट केले. दोन मिनिटं उरली असताना मी त्याचा पाचवा फाऊल दिला. आमच्या खेळात पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. शिनू बाहेर गेला आणि विणकर क्लब तीन पॉइंटने हरला.

तेव्हापासून गावात दुसरा विषय नव्हता. त्या फाऊलची क्लिप स्लो करून, माझ्या डोक्याभोवती लाल गोल काढून ग्रुपवर फिरत होती. खाली लिहिलं होतं, 'शिनूला कोण थांबवणार? मॅडम!' माझ्या नवऱ्याला होटगीला रेल्वेच्या ड्युटीवर ती चार जणांनी पाठवली. त्यातल्या दोघांना मी त्याची बायको आहे हे माहीत नव्हतं.

बुधवारी मी मैदानाजवळच्या चहाच्या गाड्यावर गेले. मुद्दाम गेले. तिथे विणकर क्लबचे तिघे-चौघे हीच चर्चा करत उभे होते. त्यात बसू नावाचा पोरगा होता. बसू मोबाईल दुरुस्त करतो. क्लिप त्यानेच बनवली होती.

"बोल की," मी म्हटलं. "मी आले म्हणून गप्प कशाला बसतोस?"

बसू चाचरला, मग म्हणाला, "मॅडम, त्यो ब्लॉक होता. स्टेशनवाला मधी आला. तुमी उलटा फाऊल दिलाव."

हा वाद समजून घ्या, कारण जगभर लोक यावरच भांडतात. बॉल घेऊन पळणारा आणि त्याला अडवणारा यांची धडक झाली की चूक कोणाची? अडवणारा आधीच पाय रोवून समोर उभा असेल तर चूक बॉलवाल्याची. त्याला चार्ज म्हणतात. अडवणारा ऐनवेळी आडवा सरकला असेल तर चूक त्याची. तो ब्लॉक. दोन्हींत फरक अर्ध्या सेकंदाचा असतो.

मी बसूला गाड्यासमोर उभं केलं. "पाय रोव. हात वर. आता हलू नको." दुसऱ्याला म्हटलं, "तू पळत ये आणि याच्या छातीवर धडक." तो आला आणि धडकला. बसू मागच्या बाकड्यावर जाऊन आदळला आणि चहावाला ओरडला.

"आता सांग, फाऊल कोणाचा?"

"ह्याचा," बसू छाती चोळत म्हणाला. पण लगेच, "मॅच मधी तसं नव्हतं की! आख्खी मॅच हाय माझ्याकडं. स्टँड लावून घेतलोय. पाठवू का?"

"पाठव. पहिल्या शिट्टीपासून पाठव."

गुरुवारी ऑफ पिरियडला मी स्टाफरूममध्ये तो व्हिडिओ लावला. शेजारी स्कोअरशीटची कॉपी घेतली. प्रत्येक फाऊल शीटशी ताडून बघायचा आणि बसूला एकेक उत्तर द्यायचं, असं ठरवलं होतं. हट्टच होता तो. पाचवा फाऊल आधी बघितला. स्टेशनचा पोरगा पाय रोवून उभा, शिनू सरळ त्याच्या छातीवर. स्वच्छ चार्ज. मला बरं वाटलं. मग पहिल्यापासून लावला.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये मी थांबले. व्हिडिओ मागे घेतला. पुन्हा बघितला.

विणकरच्या चार नंबरने समोरच्याचा हात पकडला होता. मी शिट्टी वाजवून मूठ वर केली. मूठ म्हणजे फाऊल. मग रेफरी टेबलाकडे जाऊन, ज्याने फाऊल केला त्याचा नंबर बोटांनी दाखवतो आणि स्कोअरर तो लिहितो. चार नंबरला एका हाताची चार बोटं. चौदा नंबरला एका हाताची मूठ, ती दहाची, आणि दुसऱ्या हाताची चार बोटं. व्हिडिओत मी डाव्या हाताची चार बोटं दाखवत होते. आणि उजवी मूठ, फाऊलची, मी खाली घेतलीच नव्हती.

स्कोअररने जे दिसलं ते लिहिलं. फाऊल चौदा नंबरच्या नावावर गेला.

म्हणजे शिनूचे पाच नव्हे, चारच फाऊल झाले होते. तो बाहेर जायला नको होता. व्हिडिओत तो हात पसरून माझ्याकडे येतानाही दिसत होता. "माझा कुटं हाय मॅडम?" शिनू हे प्रत्येक फाऊलला म्हणतो, म्हणून मी त्याला हाताने बाजूला केलं होतं.

आठवडाभर सगळं गाव मला शिव्या देत होतं, पण भलत्याच शिट्टीवरून. खरी चूक कोणाला दिसलीच नव्हती. बसूनेच व्हिडिओ काढला आणि त्यालाही दिसली नाही. मी गप्प बसले असते तर विषय तिथेच संपला असता. गप्प बसायचा विचार मी केला. तासभर केला. पण त्या गाड्यावर मी ज्या तोऱ्यात बोलले होते, तो तोरा मला आता सहन होईना.

शनिवारी संध्याकाळी मी मालकांना, दोन्ही कोचना, शिनूला आणि त्या चार नंबरवाल्याला बोलावलं. व्हिडिओ दाखवला आणि काय झालं ते सांगितलं.

स्टेशनचे कोच आधी उठले. "म्हणजे आमची मॅच काढून घेताय?"

"नाही. अशा चुका मुख्य रेफरीने शीटवर सही करेपर्यंतच दुरुस्त होतात. मी सही केली होती. निकाल तोच राहणार."

शिनू माझ्याकडे बघत होता. "मी म्हटलो होतो की, माझा न्हाय म्हणून."

"हो. म्हटला होतास. मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

विणकरचे कोच चार नंबरकडे वळले. "तुला ठावं होतं व्हय रे?"

तो खाली बघत म्हणाला, "माझे तीन झाल्ते सर. म्हटलं, जातोय दुसऱ्यावर तर जाऊ दे."

कोचनी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही.

"झालं तर मग," मालक म्हणाले. "आता तर तुमी बसाच मॅडम. तुमीच कबूल केलाव."

"मालक, चूक लपवणाऱ्याला उभं करायचं आणि सांगणाऱ्याला बसवायचं असं रूलबुकात कुठं असेल तर दाखवा. मी आत्ता घरी जाते."

मालकांच्या आधी शिनू बोलला.

"मॅडम असू दे, न्हाय तर दुसरं कोण असू दे. मला फरक पडत न्हाय. पण हे हितं खोलीत सांगून काय उपयोग? सगळ्यांसमोर माईकवर सांगा."

ते मला सगळ्यात जड गेलं. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं.

रविवारी मैदान भरलं होतं. मी शिट्टी गळ्यात घालून माईकसमोर उभी राहिले आणि सांगितलं. दुसऱ्या क्वार्टरचा एक फाऊल माझ्या चुकीमुळे शिनूच्या नावावर गेला. तो त्याचा नव्हता. मी त्याची माफी मागते. विणकरच्या बाजूने अशी आरोळी उठली की माईक शिट्ट्या मारायला लागला. मी हात वर केला.

"अजून एक. ज्या फाऊलवर तुम्ही आठवडाभर भांडताय तो चार्ज होता. आज तसाच घडला तर तसाच देईन."

आता दुसरी आरोळी उठली. ती माझ्याविरुद्ध होती. चालेल. मी बॉल उडवला आणि मॅच सुरू झाली.

शेवटच्या मिनिटात विणकर एका पॉइंटने मागे होते. शिनू बॉल घेऊन आत घुसला. समोर तोच स्टेशनचा पोरगा. धडक झाली, दोघेही पडले. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मी फक्त त्या पोराचे पाय बघितले होते. शिनू उडी मारून हवेत गेल्यावर पोराचा डावा पाय सरकला होता.

ब्लॉक. शिनूला दोन फ्री थ्रो, एकेक पॉइंटचे. दोन्ही आत. विणकर क्लब एका पॉइंटने चॅम्पियन झाला.

सोमवारी सकाळी मालकांचा फोन आला. "मॅडम, आता स्टेशनवाले तापलेत. म्हणतेत, मॅडमनी मागची भरपाई केली. विणकरवाले अजून त्या चार्जवरून तापलेलेच हायत. दोन्ही पार्ट्या तुमच्या विरोधात. पुढच्या वर्षाचं काय करायचं?"

"दोन्ही पार्ट्या विरोधात आहेत ना?"

"व्हय की."

"मग माझं नाव लिहून ठेवा."

भरपाई नावाची शिट्टी रूलबुकात नाही आणि माझ्याकडेही नाही. या प्रकरणातून मी एवढंच शिकले: टेबलाकडे जाताना आधी मूठ खाली घ्यायची, मग नंबर दाखवायचा, वर तोंडानेही सांगायचा. आणि 'माझा कुठाय' असं रोज म्हणणाराही एखाद्या दिवशी खरं बोलत असतो.