रांग मोडणारा नगराध्यक्ष

सिवर्ट हाउकनेस राजकारणात आला तो रंगाच्या ब्रशामुळे. नॉर्वेतल्या आमच्या बेटावर वसंतात सगळे मिळून सभागृह रंगवतात. मजुरी नाही, कॉफी आणि वॅफल मिळतात. त्या वर्षी लाल की पांढरा यावरून दोन तट पडले. तेव्हा मासेमाराचा हा अबोल मुलगा म्हणाला, "आधी जुना रंग तर खरवडू या." दोन्ही तटांना वाटलं, हा आपल्याच बाजूचा. अशा माणसाला लोक मोकळा सोडत नाहीत. तो आधी नगरसेवक झाला, मग नगराध्यक्ष.

बेटाला पूल काही त्याला आणता आला नाही. पण मोटारी नेणाऱ्या बोटीवरचा वशिला त्याने मोडून काढला. "मंत्री असो की मेंढरं, आधी येईल तो आधी चढेल. कडेची वाट फक्त रुग्णवाहिकेची," हे तो प्रत्येक भाषणात सांगे. बायको योरून म्हणायची, हा झोपेतसुद्धा मला रांगेत उभी करतो.

मागच्या शरदात संसदेच्या उमेदवारीची पहिली बोलणी करायला पक्षाची बैठक पाण्यापलीकडच्या गावात होती. टाय सापडेना, म्हणून सिवर्टला उशीर झाला. धक्क्यावर ही लांब रांग. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि गाडी कडेच्या वाटेने घातली. बोटीवरच्या माणसाने नगराध्यक्षाला ओळखलं आणि हाताने 'या आत' अशी खूण केली. बोट भरली. मागे एकच गाडी उरली, म्हाताऱ्या माग्नहिल्डची. अंगावर काळा कोट. पलीकडे तिच्या बहिणीला पुरायचं होतं. पुढच्या बोटीने ती पोचली, तोवर माती लोटून झाली होती.

आमच्याकडे माणूस फार चिडला की हवेबद्दल बोलतो.

"वारा सुटलाय," दुकानदार म्हणाला.

"सुटलाय," सिवर्ट म्हणाला, आणि दूध न घेताच घरी आला.

योरूनने त्याच्याकडे पाहिलं. "पोट बिघडलंय?"

"नाही."

"मग लाज वाटतेय. तिला औषध नाही. सूप पी."

तो माग्नहिल्डकडे गेला. तिने त्याला पाव आणि तपकिरी चीज वाढलं, मांजराचं दुखणं सांगितलं. माफी मागायला गेलेला माणूस क्लाउडबेरीच्या जॅमची बरणी घेऊन परत आला.

मग सभागृहात उमेदवार निवडायची सभा भरली. सिवर्टचं एकट्याचंच नाव होतं. तो उठला.

"माझं नाव काढा. त्या दिवशी मी कडेच्या वाटेने चढलो. माझ्यामुळे माग्नहिल्डला बहिणीचं शेवटचं दर्शन झालं नाही."

सगळे आपापल्या कपात बघू लागले.

"आम्हाला माहीत आहे," माग्नहिल्ड म्हणाली. "खाली बस."

"मी उभा राहायच्या लायकीचा नाही."

"नाहीसच. पण घरी बसलास की तुला बरं वाटेल, सिवर्ट, आणि ते मला नकोय. ऑस्लोला जा. तिथे रोज कुणीतरी तुला मोठा म्हणेल. तेव्हा हे आत टोचू दे."

तिने पहिला हात वर केला. मागोमाग सगळ्यांनी.

इतकी मतं त्याला जन्मात एकदम मिळाली नव्हती. पण मान वर करून ते हात बघायची सिवर्टची छाती झाली नाही.